कागदाविना कादंबरी

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला सांगितलं, "पंधरा मिनिटं बोला, विषय पुस्तकांचा ठेवा आणि फार तांत्रिक बोलू नका." यातली तिसरी अट जरा कठीण आहे. आम्ही म्हणजे मंडळाच्या पुस्तक-प्रकल्पावर काम करणारे पाच-सहा जण. सगळे इंजिनिअर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी खाली बसून चुका काढायच्या असं आमचं ठरलं आहे. तेव्हा मागच्या रांगेतून मधेच काही आवाज आले, तर ते आमच्यापैकीच आहेत असं समजावं.

आजचा निधी कशासाठी आहे हे आमंत्रणातून आपल्याला कळलेलं आहेच. महाराष्ट्रातल्या अंध विद्यार्थ्यांना संगणक किंवा फोन वाचून दाखवू शकेल अशा रूपात मराठी पुस्तकं आणायची आहेत. त्याकडे येऊच. पण कागद सोडून पडद्यावर गेलेल्या पुस्तकाचं लेखकाच्या दृष्टीने नेमकं काय होतं, हे आधी बघू या. त्यासाठी आमच्याकडे एक उत्तम उदाहरण आहे, आणि ते बॉस्टनहून गाडीने चार-साडेचार तासांच्या अंतरावरचं आहे. मेन राज्यातलं बँगोर हे गाव आणि तिथले कादंबरीकार स्टीफन किंग.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी किंग कॉलेजात असताना वाचले असतील. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेली, कव्हर फाटलेली प्रत, आणि हॉस्टेलवर ती अकरा जणांत फिरायची. भुताखेतांचे लेखक म्हणून नाकं मुरडणारेही असतील. २००३ साली अमेरिकेतल्या नॅशनल बुक फाउंडेशनने त्यांना साहित्यातल्या योगदानाबद्दल पदक दिलं, तेव्हा इथल्या समीक्षकांनीही नाकं मुरडलीच होती. ते असो.

१९ जून १९९९ ला किंग रस्त्याच्या कडेने फिरायला निघाले असताना एका व्हॅनने त्यांना उडवलं. पाय, खुब्याचं हाड, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. त्या दुखण्यातून उठताना त्यांनी 'रायडिंग द बुलेट' नावाची एक दीर्घकथा लिहिली. हॉस्पिटलमधल्या आईला भेटायला, वाटेत मिळेल त्या गाडीला हात करत निघालेल्या एका विद्यार्थ्याची ती गोष्ट आहे. मासिकात देण्याइतकी लहान नाही, पुस्तक काढण्याइतकी मोठी नाही. आपल्याकडे अशी कथा दिवाळी अंकात जाते. किंग यांच्या प्रकाशकांनी ती मार्च २००० मध्ये फक्त इंटरनेटवर काढली. किंमत अडीच डॉलर.

त्या वेळची परिस्थिती आठवा. किंडल नाही, आयपॅड नाही, खिशात फोन असलाच तर तो फक्त बोलण्यासाठी. घरोघरी डायल-अप मोडेम. तो जोडला जाताना जे आवाज काढायचा ते आजच्या मुलांना ऐकवले तर यंत्र बिघडलं आहे असंच म्हणतील. त्यात ही गोष्ट टेबलावरच्या जाडजूड मॉनिटरसमोर ताठ बसून वाचायची. तरीही पहिल्या चोवीस तासांत सुमारे चार लाख प्रतींची मागणी आली आणि सर्व्हर कोलमडले. यातल्या पुष्कळशा प्रती फुकट गेल्या होत्या, कारण ॲमेझॉन आणि बार्न्स अँड नोबल यांनी गिऱ्हाईक ओढण्यासाठी ती सुरुवातीला मोफत वाटली. पण चार लाख लोकांना पडद्यावर गोष्ट वाचावीशी वाटली, एवढं तर खरंच ना? पुस्तक-व्यवसायातल्या लोकांची त्या आठवड्यात झोप उडाली.

आमच्या धंद्याच्या दृष्टीने यातली गमतीची बाब निराळी आहे. फाइलची फुकट नक्कल होऊ नये म्हणून प्रकाशकांनी तिला कुलूप घातलं होतं. ते थोड्याच दिवसांत फोडलं गेलं आणि गोष्ट इंटरनेटवर मोकळी फिरू लागली. ज्याने रीतसर अडीच डॉलर भरले त्याला ती छापता येत नव्हती, आणि ज्याने चोरली त्याला सगळं करता येत होतं. हा प्रकार पुढे वीस-बावीस वर्षं आम्ही गाण्यांत, सिनेमांत आणि सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा पाहिला. कुलपाचा त्रास व्हायचा तो प्रामाणिक माणसालाच.

किंग यांनी बहुधा हेच ओळखलं असावं, कारण पुढच्या प्रयोगात त्यांनी कुलूपच काढून टाकलं, आणि प्रकाशकही. 'द प्लँट' नावाची एक कादंबरी त्यांनी १९८२ पासून अर्धवट लिहून ठेवली होती. नाताळला मित्रांना भेट म्हणून ते तिचे भाग छापून पाठवत. एका प्रकाशन संस्थेच्या संपादकाकडे एका विक्षिप्त लेखकाचं हस्तलिखित येतं आणि मागोमाग कुंडीतलं एक विचित्र झाड येतं, अशी काहीतरी ती कथा. मोठ्या प्रकाशकांना बाजूला सारण्यासाठी त्यांनी नेमकी प्रकाशन संस्थेच्या ऑफिसात वाढणाऱ्या भुताळी झाडाची गोष्ट निवडली, यात त्यांचा खट्याळपणा दिसतोच.

२४ जुलै २००० ला पहिला भाग त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला. दर भागाला एक डॉलर. उतरवून घ्या, वाचा, हवा तर छापा. आधी पैसे भरा किंवा नंतर भरा. अट एकच: उतरवून घेणाऱ्यांपैकी निदान ७५ टक्के लोकांनी पैसे दिले तर पुढचे भाग येतील, नाहीतर गोष्ट तिथेच थांबेल. पहिल्या आठवड्यात दीड लाखाच्या वर लोकांनी तो भाग घेतला आणि ७६ टक्क्यांनी पैसे दिले किंवा देण्याचं कबूल केलं.

इथे आमच्या खजिनदारांकडे बघू नका. मंडळाची वर्गणी किती टक्के सभासद वेळेवर भरतात हा आकडा त्यांनी आम्हाला सांगितला आहे, पण व्यासपीठावरून सांगू नका अशी ताकीदही दिली आहे. एवढंच म्हणतो की किंगसाहेबांचे ७६ टक्के ऐकून ते बराच वेळ गप्प होते.

पुढे काय झालं? भाग येत गेले, वाचक कमी होत गेले. चौथ्या भागाला किंमत दोन डॉलर झाली, कारण भागही लांबला होता. त्या भागाला पैसे देणाऱ्यांचं प्रमाण घसरून ४६ टक्क्यांवर आलं. डिसेंबर २००० मध्ये सहावा भाग त्यांनी फुकट दिला, आता इतर लिखाणाकडे लक्ष द्यायचं आहे असं सांगितलं, आणि गोष्ट थांबली ती आजतागायत थांबलेलीच आहे. ते सहा भाग पुढे संकेतस्थळावर मोफत ठेवले गेले.

आम्ही या आकड्यांवर एका शनिवारी चहा पीत पुष्कळ वाद घातला. मोजणीच मुळात वाकडी होती, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं. एकाच माणसाने ऑफिसात एकदा आणि घरी एकदा फाइल उतरवली तर तो दोन वाचक धरला जायचा, आणि पैसे मात्र एकदाच देणार. हे बरोबर आहे. पण आमच्यातल्या दुसरीचं म्हणणं आम्हाला जास्त पटलं. ती म्हणाली, पैसे न देणाऱ्यांचं सोडा. जे देत होते त्यांनाही गोष्ट पुरी होणार की नाही याची खात्री नव्हती. शेजाऱ्याने पैसे दिले नाहीत तर माझी कादंबरी बंद पडणार! अशा करारावर कोण किती दिवस टिकेल? किंग यांनी वाचकांवर विश्वास टाकला हे सगळ्यांनी लिहिलं. वाचकांनीही त्यांच्यावर टाकला होता, हे फारसं कोणी लिहिलं नाही.

बऱ्याच वर्तमानपत्रांनी या प्रयोगाला फसलेला म्हटलं. किंग यांनी पुढे हिशेब जाहीर केला त्यात खर्च वजा जाता सुमारे ४ लाख ६३ हजार डॉलर उरलेले होते. अर्धवट कादंबरी, छपाई नाही, गोदाम नाही, दुकानदाराचं कमिशन नाही, आणि एवढी शिल्लक! मराठी कादंबरीकाराला हजार प्रतींची आवृत्ती संपायला किती वर्षं लागतात हे ज्यांना माहीत आहे त्यांनी या 'अपयशाचा' हिशेब जरूर करावा. आमचं मत विचाराल तर धंदा म्हणून प्रयोग यशस्वी झाला आणि कादंबरी मात्र मेली.

त्यानंतर काही वर्षं ई-पुस्तकांबद्दल नुसतीच चर्चा होती. १९ नोव्हेंबर २००७ ला ॲमेझॉनने किंडल आणलं. ३९९ डॉलर किंमत असूनही पहिला साठा साडेपाच तासांत संपला. डोळ्यांवर प्रकाश न फेकणारा कागदासारखा पडदा, आणि वायरीशिवाय मिनिटभरात येणारं पुस्तक, या दोन गोष्टींनी मॉनिटरसमोर ताठ बसायचा प्रश्न सुटला. फेब्रुवारी २००९ मध्ये दुसरं किंडल आलं तेव्हा न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीतल्या समारंभात स्वतः किंग हजर होते. त्यांनी 'अर' नावाची कथा खास त्या यंत्रासाठी लिहिली होती. एका इंग्रजीच्या शिक्षकाला गुलाबी रंगाचं किंडल मिळतं आणि त्यावर दुसऱ्या विश्वांत लिहिली गेलेली पुस्तकं येऊ लागतात, अशी ती कल्पना. पुढे २०१५ मध्ये ती कथा कागदी संग्रहातही आली.

पण म्हणून किंग ई-पुस्तकवाले झाले म्हणाल तर तसं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची 'अंडर द डोम' ही जाडजूड कादंबरी आली, तेव्हा तिची ई-आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोखून धरली होती. स्वस्त फाइलीने महागडं पुस्तक मारलं जाईल ही भीती. २०१३ मध्ये 'जॉयलँड' तर सुरुवातीला फक्त कागदावर काढली, लोकांनी दुकानात जाऊन घ्यावी म्हणून. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हाच माणूस वॉशिंग्टनच्या कोर्टात सरकारतर्फे साक्ष द्यायला उभा राहिला, स्वतःच्याच प्रकाशकांचं पेंग्विन रँडम हाउसमध्ये विलीनीकरण होऊ नये म्हणून. प्रकाशक कमी झाले की नव्या लेखकाला दारं कमी, असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्टाने ते विलीनीकरण ऑक्टोबरात अडवलं. ज्याने २००० साली प्रकाशकांना वगळून दाखवलं, त्यालाच बावीस वर्षांनी प्रकाशक टिकावेत असं वाटलं. यात आम्हाला विसंगती दिसत नाही. वगळता येणं त्यांना परवडत होतं, कारण नाव आधीच झालेलं होतं.

नाव नसलेल्याचं उदाहरण द्यायचं तर आमच्याच जातीचं आहे. अँडी वीअर नावाच्या सॉफ्टवेअर प्रोग्रामरने मंगळावर अडकलेल्या माणसाची गोष्ट स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट टाकली. वाचकांनी त्यातल्या शास्त्रीय चुका काढल्या, त्याने दुरुस्त केल्या. मग वाचकच म्हणाले की किंडलवर दे, म्हणून त्याने २०११ मध्ये ९९ सेंटला ठेवली. ॲमेझॉन त्याहून कमी किंमत ठेवू देत नव्हतं! २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने 'द मार्शन' कागदावर काढली, २०१५ मध्ये सिनेमा आला. किंग कागदावरून पडद्यावर गेले, हा पडद्यावरून कागदावर आला. (आमच्यापैकी दोघांनी तेव्हापासून कादंबरी सुरू केली आहे. दोन्ही पहिल्या प्रकरणात आहेत.)

आता त्या मॉर्गन लायब्ररीतल्या समारंभाकडे पुन्हा येऊ, कारण आजच्या निधीचा धागा तिथे आहे. त्या दुसऱ्या किंडलमध्ये एक सोय होती, पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याची. आवाज यंत्राचा, रटाळ, पण शब्द कळायचे. अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने, ऑथर्स गिल्डने, तिला हरकत घेतली. ध्वनिपुस्तकांचे हक्क वेगळे विकले जातात, तेव्हा यंत्राने फुकट वाचून दाखवणं म्हणजे लेखकाच्या पोटावर पाय, असा मुद्दा होता. ॲमेझॉनने महिना संपायच्या आत माघार घेतली आणि कुठल्या पुस्तकाला आवाज द्यायचा ते हक्कधारकांनी ठरवावं असं जाहीर केलं. एप्रिल २००९ मध्ये अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने गिल्डच्या न्यूयॉर्कच्या कचेरीबाहेर निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही पुस्तक विकत घ्यायला तयार आहोत, आम्ही ते कानांनी वाचतो, एवढंच.

लेखकाची काळजी खोटी नव्हती असं आम्हाला वाटतं. पण इतिहासात पहिल्यांदाच असं झालं होतं की छापून येणारं पुस्तक त्याच दिवशी, त्याच किमतीला अंध वाचकालाही मिळू शकत होतं, आणि ते एका बटणाने बंद करायची सोय केली गेली. हे आम्हाला 'द प्लँट' बंद पडण्यापेक्षा जास्त लागलं.

मराठीत तर बटण बंद करायचा प्रश्नच येत नाही, कारण बटणापर्यंत पुस्तक पोचतच नाही. आता थोडं तांत्रिक बोलतो, कार्यकारिणीने दोन मिनिटं कान झाकून घ्यावेत.

मराठी पुस्तकं संगणकावर जुळवली जायला लागून तीस वर्षांच्या वर झाली. म्हणजे कित्येक पुस्तकांच्या फाइली प्रकाशकांकडे आहेत. पण त्यांतल्या खूपशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहेत. त्या पद्धतीत पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात तिथे इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, संगणकाला कचरा दिसतो. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अशी फाइल वाचायला लागलं की कानावर अगम्य इंग्रजी अक्षरांची सरबत्ती होते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्या डीटीपीवाल्यांना त्याची गरज भासली नाही, कारण छापायचं तर होतं! किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं रीतसर आली तीच डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे यंत्र निघाल्यावर नऊ वर्षांनी. आणि इंटरनेटवर ज्या असंख्य मराठी पीडीएफ फिरतात, त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे पानांचे नुसते फोटो. तिथे तर सॉफ्टवेअर मुकंच राहतं.

वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मात्र तयार आहे, आणि फुकट आहे. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६ पासून बांधत आणलं, आणि ते मराठीही बोलतं. कायदाही आड येत नाही. भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली, आणि अपंग वाचकांसाठी पुस्तकांचं रूपांतर करायला परवानगी दिली. त्यासंबंधीचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार जगात सर्वांत आधी भारताने २०१४ मध्ये मान्य केला. म्हणजे यंत्र आहे, कायदा आहे, ऐकायला कान आहेत. नाही तो मजकूर.

तो मजकूर तयार करण्याचं काम महाराष्ट्रातली एक संस्था करते आणि आम्ही तिच्या वतीने इथून हातभार लावतो. पुस्तक स्कॅन करायचं, सॉफ्टवेअरकडून अक्षरं ओळखून घ्यायची, आणि मग माणसाने ओळ न् ओळ तपासायची. हा शेवटचा भाग वेळखाऊ आहे. यंत्राला 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात, 'भ' आणि 'म' तर जुळे भाऊ. 'आईने भात वाढला' याचं 'आईने मात वाढला' होतं. 'खाली' चं 'रवाली' होतं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र कुठे गायब होतो ते देव जाणे. जुन्या खिळ्यांच्या छपाईत अनुस्वार पुसट झालेला असतो, मग वाक्याचा अर्थच पालटतो. पाहणारा माणूस चूक सावरून वाचतो. ऐकणाऱ्याला तेवढी फट मिळत नाही. दोनशे पानांचं एक पुस्तक तपासायला आम्हाला तीन-चार वीकेंड लागतात.

सुरुवात आम्ही हक्कमुक्त पुस्तकांपासून केली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचं होतं. हरिभाऊ आपटे कधीच झाले, आणि साने गुरुजींचं सगळं लिखाण १ जानेवारी २०११ पासून मोकळं आहे. पण बी.ए.ला बसलेल्या विद्यार्थ्याला फक्त 'श्यामची आई' पुरत नाही. त्याला या वर्षीच्या अभ्यासक्रमातली कादंबरी जूनमध्ये हवी असते. मार्चमध्ये मिळून उपयोग नाही. वर्गातल्या इतरांकडे पुस्तक असतं, आणि हा कुणी वाचून दाखवणारा भेटेल का याची वाट बघतो. संस्थेच्या लोकांकडून हे आम्ही इतक्यांदा ऐकलं की आता आमच्या यादीत अभ्यासक्रमातली पुस्तकं पहिली असतात.

निधी कुठे जातो तेही सांगतो. आमचा वेळ फुकट आहे, त्याचा एक पैसाही यात धरलेला नाही. पैसे जातात ते तिकडच्या पगारी तपासनिसांना. यातले काही जण स्वतः अंध आहेत आणि कानाने चूक पकडण्यात आमच्यापेक्षा कितीतरी सरस आहेत. शिवाय एक चांगला स्कॅनर घ्यायचा आहे, कारण सध्याचा पुस्तकाची शिवण उसवल्याशिवाय नीट स्कॅन करत नाही आणि ग्रंथालयं त्यामुळे पुस्तकं द्यायला कचरतात. ते बरोबरच आहे.

ज्यांना पैशांऐवजी वेळ द्यायचा आहे त्यांच्यासाठी दारापाशी एक वही ठेवली आहे. विशेषतः उन्हाळ्यात ज्यांचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत त्यांनी नाव जरूर लिहावं. गेल्या वर्षी एका सभासदाच्या आईंनी, त्या निवृत्त शिक्षिका आहेत, दोन महिन्यांत चार पुस्तकं तपासली, आणि आमच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची एक वेगळी यादी करून फ्रिजवर लावून गेल्या. ती अजून तिथेच आहे.

चेकवर मंडळाचं नाव लिहावं आणि खाली मेमोच्या रेघेवर 'पुस्तकं' असं, म्हणजे खजिनदारांचा गोंधळ होणार नाही. जे आत्ता फक्त आकडा कबूल करून पैसे नंतर पाठवणार आहेत त्यांच्यासाठी निळी कार्डं आहेत. किंगसाहेबांनी कबूल करणाऱ्यांनाही पैसे देणाऱ्यांतच धरलं होतं. आमचे खजिनदार तसं धरत नाहीत, ते फोन करतात.

वडे तयार आहेत असं मागून खुणावत आहेत.